आमचंही एक बेट होतं

“तिथं देव कोनता हाय?”

खांदेरीला जायचं ठरलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांचं काही चुकलं नाही. वयाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्या घराबाहेर पडल्या त्या देवासाठीच. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, एकदा शेगाव, एकदा पंढरपूर. आपल्याकडच्या बायकांचा प्रवास म्हणजे माहेर, नाहीतर दवाखाना, नाहीतर देव. नुसतं बघायला म्हणूनही कुठे जायचं असतं, हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

“देवाचं माहीत नाही, आई. पण दिवा आहे,” मी म्हटलं. “समुद्रातल्या एका बेटावर मोठा दिवा आहे. रात्री जहाजांना वाट दाखवतो.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. तांदूळ निवडत होत्या, तो हात थांबला. मग म्हणाल्या, “तुह्या नवऱ्यासारका?”

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं माझा गळा दाटून आला. का, ते सांगायचं तर मला तीस वर्षं मागे जावं लागेल. समुद्रापासून खूप दूर, आमच्या जंगलात.

पाण्यानं वेढलेलं गाव

मी आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलला राहते. पण नोकरीची सुरुवातीची वर्षं गेली ती गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला, भामरागडला. १९९१ साली तिथे शिक्षिका म्हणून रुजू झाले. ज्यांनी भामरागड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आलापल्लीहून सागाच्या जंगलातून रस्ता निघतो. वाटेत हेमलकसा लागतं, पुढे पर्लकोटा नदी आणि नदी ओलांडली की भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा इथे संगम. हिवाळ्यात बघाल तर डोळ्यांचं पारणं फिटेल. पण पावसाळ्यात? नद्यांना पूर आला की गावाची वाट बंद. मग आम्ही म्हणायचो, “झालं बाई आपलं बेट!”

मिरग लागायच्या आधी तांदूळ, डाळ, मीठ, तेल, रॉकेल, माचिसच्या पेट्या सगळं भरून ठेवायचं. शाळेतली मुलं माडिया, माझी मराठी त्यांना कळेना, त्यांची माडिया मला कळेना. हळूहळू दोन्ही बाजूंनी शिकलो. माझे यजमान आलापल्लीला नोकरीला होते. शनिवारी संध्याकाळी येत. यायला उशीर झाला की नदीच्या पलीकडून हातातली बॅटरी तीनदा लावून विझवत. डोंगेवाल्यासाठी ती खूण होती. तीनदा उजेड दिसला की गावातले लोकच मला सांगत, “बाई, साहेब आले.”

१९९४ चा ऑगस्ट. मला आठवा महिना सरत आला होता. बाळंतपणाला सिंदेवाहीला माहेरी जायचं ठरलेलं. मला घेऊन जायला सासूबाई आल्या आणि त्याच रात्रीपासून पाऊस लागला. दोन दिवसांत नदी चढली. फोन बंद, वीज गेलेली. हे आलापल्लीहून धावत निघाले, ते नदीच्या पलीकडच्या काठावर अडकले. मी अलीकडे.

आणि यातली क्रूर गोष्ट काय होती सांगू? दवाखाना काही लांब नव्हता. बाबा आमटेंनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प, तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना. गावापासून जेमतेम तीन किलोमीटर. पण मधे नदी होती. त्या दिवसांत ते तीन किलोमीटर मला मुंबईइतके लांब होते.

पहिल्या रात्री आठच्या सुमाराला सासूबाई दारात उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर उजेड लागला, विझला. लागला, विझला. पुन्हा एकदा. “आला वं माहा पोरगा,” त्या म्हणाल्या. डोंगा तर कोणी घालणार नव्हतं त्या पाण्यात, हे यांनाही ठाऊक होतं. तरी दुसऱ्या रात्री आठला पुन्हा तीनदा. तिसऱ्या रात्री, चौथ्या रात्री. मी इथे आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

पाचव्या रात्री मला कळा सुरू झाल्या. महिनाभर आधी. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी शेजारच्या टोल्यावर राहायची. कोणी निरोप दिला कोण जाणे, ती म्हातारी चिखल तुडवत आली. तिला मराठी येत नव्हतं, सासूबाईंना माडिया येत नव्हतं. पण त्या दोघींचं रात्रभर कुठेही अडलं नाही. कंदिलाच्या उजेडात पहाटे माझी लेक जन्माला आली. अगदी एवढीशी!

तिला माझ्या कुशीत देऊन सासूबाईंनी कंदील उचलला आणि तशाच पावसात नदीकाठी गेल्या. काठावर उभ्या राहून कंदील वर-खाली करत राहिल्या. पलीकडून उत्तर येईपर्यंत. किती वेळ, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा उजाडलं होतं आणि लुगडं चिंब झालं होतं. “त्यानं पायलं,” एवढंच म्हणाल्या.

तीन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा डोंग्यातून आम्ही पलीकडे गेलो, हेमलकशाच्या दवाखान्यात बाळ-बाळंतीण दोघी तपासून घेतल्या. माझं नशीब चांगलं. सगळ्यांचं तसं नव्हतं. माझ्या शाळेतल्या एका मुलाची आई त्याच पावसाळ्यात बाळंतपणात गेली. तोही पूरच होता आणि तीही नदीच. हे मी कधी विसरू शकले नाही.

समुद्र पाहिला!

तीच लेक आता एकतीस वर्षांची आहे, पनवेलला नोकरी करते. तिचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. ते नेहमी म्हणायचे, “एकदा समुद्रातला दीपस्तंभ जवळून बघायचा आहे.” आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं. शेवटी लेकीनंच जानेवारीत तिकिटं काढली. “आई, आजीलाही घेऊन ये. आता उशीर करू नकोस,” म्हणाली.

नागपूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, मग पनवेल, तिथून एसटीनं पेण, वडखळ करत अलिबाग. सासूबाईंच्या हातात एक कापडी पिशवी होती. ती काही केल्या कुणाच्या हाती देईनात. मला वाटलं, पानाचा डबा असेल.

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, त्याच्या मागचं खांदेरी. खांदेरीच्या टेकडीवर दीपस्तंभ उभा. सासूबाईंनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “माय वं! याले पलीकडचा काठच नाही!”

नदीच्या काठावर राहिलेल्या बाईला पहिल्यांदा हेच दिसणार, नाही का?

होडीत चढायला गुडघाभर पाण्यातून जावं लागलं. लेकीनं एक हात धरला, होडीवाल्या दादांनी दुसरा. लुगडं भिजलं तरी चेहऱ्यावर हसू! सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली. नऊवारीवर केशरी जॅकेट घातलेल्या सासूबाईंचा फोटो आता आमच्या हॉलमध्ये लावलाय. अर्ध्या-पाऊण तासात बेट आलं.

देवही निघाला

आणि गंमत बघा, खांदेरीवर देवही निघाला! बेटावर वेताळाचं देऊळ आहे. पांढरा रंग दिलेला एक मोठा दगड, तोच देव. कोळी बांधवांची याच्यावर फार श्रद्धा. सासूबाईंनी पदर सारखा करून मनोभावे नमस्कार केला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. “पाय, हाय न देव!”

किल्ल्याची तटबंदी, जुन्या तोफा, पाण्याची टाकी बघत आम्ही हळूहळू फिरलो. एका दगडावर दुसरा दगड आपटला तर भांड्यासारखा टण्ण आवाज येतो, ते तर सासूबाईंनी चारदा करून पाहिलं.

या एवढ्याशा बेटाचा इतिहास मात्र मोठा. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. एका बाजूला मुंबईचे इंग्रज, दुसऱ्या बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी. दोघांच्या मधोमध हे ठाणं बसलं तर दोघांनाही जड जाणार, म्हणून इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. बेटावर होते मायनाक भंडारी आणि त्यांची माणसं. इंग्रजांची जहाजं मोठी, पण वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या लहान, हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या जहाजांच्या मधून निसटून बेटावर माणसं आणि सामान पोचवत. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीनं शेजारचं उंदेरी बळकावलं, पण खांदेरी राहिलं ते राहिलंच. पुढे हे बेट कान्होजी आंग्र्यांकडे आलं. १७१८ साली इंग्रजांनी पुन्हा चाल केली, तीही फसली. आज बेटाचं सरकारी नाव कान्होजी आंग्रे बेट असंच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात रायगड, प्रतापगडाच्या जोडीला खांदेरीही आहे.

इतिहासाच्या पुस्तकात लढाई वाचताना मला नेहमी तलवारी दिसायच्या. त्या दिवशी तटावर उभी असताना मात्र मला त्या रात्रीच्या होड्या दिसल्या. तांदूळ, पाणी, दारूगोळा घेऊन अंधारात येणाऱ्या. बेटावरचा माणूस जगतो तो काठावरच्या माणसाच्या भरवशावर. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

उजेडाची भाषा

आता दीपस्तंभ. हा इंग्रजांच्या काळातला, १८६७ सालचा. अष्टकोनी मनोरा, उंची साधारण पंचवीस मीटर. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून मी आणि लेक वर गेलो. सासूबाई खाली सावलीत बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन.

गोल गोल जिना चढून वर पोचले तेव्हा धाप लागली होती. पण वरून जे दिसलं! चहूकडे पाणी, खाली तटबंदीचा वेढा, बाजूला चिमुकलं उंदेरी.

दीपस्तंभाचं खरं गुपित दिव्यात नसतं, ते भिंगात असतं. दिवा तसा लहानच. पण भोवती काचेच्या कापलेल्या चकत्या अशा बसवलेल्या असतात की इकडेतिकडे फाकणारा सगळा उजेड गोळा होऊन एका दिशेला जातो. ऑगस्टिन फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२० च्या दशकात ही युक्ती काढली. तोवर मोठाल्या दिव्यांचा उजेड सुद्धा वाया जायचा. पूर्वी तेलाचे दिवे असत. राखणदारानं रात्रभर जागून वात सारखी करायची, काजळी पुसायची, भिंग फिरवणाऱ्या यंत्राला चावी द्यायची. आता बरंचसं काम वीज आणि यंत्रं करतात.

पण मला सगळ्यात भावली ती दुसरीच गोष्ट. प्रत्येक दीपस्तंभाची लुकलुकण्याची आपली ठरलेली लय असते. कुणी एकदाच लुकलुकतो, कुणी दोनदा, कुणी तीनदा, मग थोडा थांबतो. जवळपासच्या दोन दिव्यांची लय सारखी ठेवत नाहीत. खलाशी ती मोजतात आणि अंधारातही ओळखतात, हा अमुक दिवा, म्हणजे आपण अमुक ठिकाणी आहोत. हे ऐकलं आणि मी लेकीकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं. तिच्या जन्माची गोष्ट तिनं आजीकडून शंभरदा ऐकली आहे.

“बाबांची लय तीनची,” ती म्हणाली.

खाली उतरल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “हे राखनदाराचं काम बाया नाही करत का?”

करत की! इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लाँगस्टोन दीपस्तंभावर राखणदाराची मुलगी होती, ग्रेस डार्लिंग. सप्टेंबर १८३८ मध्ये वादळात एक जहाज खडकावर फुटलं. बावीस वर्षांची ग्रेस वडिलांबरोबर होडी वल्हवत त्या उसळत्या समुद्रात गेली. खडकावर तग धरून असलेल्या नऊ जणांची सुटका झाली. अमेरिकेतल्या न्यूपोर्टजवळच्या लाइम रॉकवर आयडा लुईस होती. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती पोरसवदा होती. तेव्हापासून आईच्या जोडीनं दिवा तिनंच सांभाळला. सरकारी नेमणूक मात्र मिळाली १८७९ साली! काम बाईचं आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, हे तिथेही होतं म्हणायचं. १९११ साली मरेपर्यंत तिनं दिवा सोडला नाही. निदान अठरा जणांना तिनं बुडताना वाचवलं.

आणि दीपस्तंभाला समुद्रच लागतो असंही नाही बरं का. चीनमध्ये वेंझोऊ शहराजवळ औजियांग नदीच्या पात्रात जिआंगशिन नावाचं एक छोटंसं बेट आहे. आता ती सहलीची बाग आहे. लोक होडीनं जातात, झाडांखाली बसतात, फोटो काढतात. त्या बेटाच्या दोन टोकांना दोन उंच पॅगोडे आहेत, एक ८६९ सालचा, दुसरा ९६९ सालचा. त्यांच्यावरच्या दिव्यांच्या खुणेनं होड्या नदीत वाट काढत. लेकीनं मोबाइलवर त्यांचा फोटो दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आपल्या मार्कंड्याच्या देवळावानी दिसते.” आता मार्कंडाही वैनगंगेच्या काठावरच. नदीकाठी राहणारी माणसं सगळीकडे सारखीच, उंच काहीतरी बांधून तिथे दिवा लावणारी.

तीन वेळा

दिवस मावळायच्या आत होडी थळला परतली. किनाऱ्यावर एक वयस्क कोळीण मासळी आवरत होती. सासूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. मासे काही घ्यायचे नव्हते, माळकरी आहोत आम्ही. पण दोघींच्या गप्पा रंगल्या. पूर्वी घरचे पुरुष रात्री समुद्रावर गेले की बायका किनाऱ्यावर येऊन बसायच्या आणि परत येणाऱ्यांना आधी खांदेरीचा दिवा दिसायचा, मग घर, असं तिनं सांगितलं. सासूबाई मान डोलावत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडं बी असंच होतं, माय. फकत पानी गोडं.”

अंधार पडू लागला. आणि एकदम समोर खांदेरीवर दिवा लागला. आम्ही तिघी बघत राहिलो.

तेव्हा सासूबाईंनी पिशवी उघडली. आत पानाचा डबा नव्हता. यांची जुनी बॅटरी होती. पत्र्याची, दोन सेलची, पोपडे उडालेली. मला वाटलं होतं ती केव्हाच भंगारात गेली. म्हाताऱ्या बाईनं ती जपून ठेवली होती आणि निघायच्या आदल्या दिवशी मूलच्या दुकानातून नवे सेल घालून आणले होते, मला न सांगता.

पाण्याकडे तोंड करून त्यांनी बॅटरी लावली, विझवली. लावली, विझवली. पुन्हा एकदा.

कुणी काही बोललं नाही. मग लेकीनं आजीच्या हातातून बॅटरी घेतली आणि तीही तीनदा लावली. कोळीण आमच्याकडे बघत होती. तिनं काही विचारलं नाही. तिला बहुतेक समजलं असावं.

बेट अजून आहे

आपण बेट बघायला जातो, तेव्हा आपल्याला ते सुंदर दिसतं. दिसावंच. त्यासाठीच तर आपण जातो. पण परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं, बेट सुंदर असतं ते परतीची होडी ठरलेली असते तेव्हा. ती नसेल तर तेच पाणी काळ होतं.

भामरागडचं बेट आजही होतं. २०१९ सालच्या पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली जाऊन गाव पुन्हापुन्हा तुटलं, घरादारात पाणी शिरलं. पण एक बदल झालाय आणि तो मला फार मोलाचा वाटतो. दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ आता ‘माहेरघर’ असतं. दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच तिथे येऊन राहायचं, म्हणजे नदी चढली तरी ती दवाखान्याच्या बाजूला असते. गावोगावच्या आशाताई पावसाळ्याआधी अशा बायांची यादी करतात, घरच्यांची समजूत घालतात. घर सोडून, लहान पोरं मागे ठेवून यायला बाई सहजी तयार होत नाही. पण एकेक बाई येते, ती त्यांच्या चिकाटीनं. त्या आशाताईंचं नाव कुठल्या दगडावर कोरलं जात नाही. माझ्या बाळंतपणाला चिखल तुडवत आलेल्या त्या म्हातारीचंही कुठे नाव नाही.

बॅटरी आता देवघरात आहे. सासूबाई महिन्याला सेल बघतात, संपले तर बदलून आणायला सांगतात. “आता कशाला, आई?” मी एकदा विचारलं.

“असू दे वं,” त्या म्हणाल्या. “कोनी पलीकडं असलं त?”

जायचं असेल तर

खांदेरीला ऑक्टोबर ते मे या काळातच जा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, होड्या जात नाहीत. मुंबईहून गेटवे ते मांडवा लाँचनं आणि पुढे रस्त्यानं, नाहीतर पनवेल-पेण मार्गे एसटीनं अलिबाग गाठता येतं. तिथून थळ जवळ आहे. थळहून स्थानिक कोळी बांधवांची होडी ठरवावी लागते. चार-सहा जणींचा गट असेल तर खर्च वाटला जातो. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडीत बसू नका. बेटावर हॉटेल नाही, पाणी आणि डबा बरोबर न्या, कचरा परत आणा. दीपस्तंभ हे कामाचं ठिकाण आहे. वर जायचं असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून, ते सांगतील त्या वेळेतच जा. चपला भिजतील, साडीही भिजेल. भिजू द्या. आणि घरी कोणी विचारलं, तिथे देव कोणता, तर सांगा, आहे म्हणून!